न सापडलेला ठोसा

रिंगजवळच्या डॉक्टरच्या खुर्चीत मी जाऊन बसले ती निव्वळ भिडेपोटी. माझ्या दवाखान्यात साखर तपासायला येणारे एक वयस्कर गृहस्थ जिल्ह्यातल्या बॉक्सिंगच्या स्पर्धा भरवायचे. त्यांचे नेहमीचे डॉक्टर मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि स्पर्धा चार दिवसांवर येऊन ठेपलेली. "मॅडम, तुमी नुसतं बसायचं. खुर्ची हाय, पंखा हाय, च्या येतोय," असं म्हणत त्यांनी मला गळ घातली. एकदाच म्हणून गेले आणि मग दरवर्षी जात राहिले.

घरी ते कुणालाच पटलं नव्हतं. आमचं जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारं. सासूबाई एकदा ताट वाढता वाढता म्हणाल्या, "माणसं एकमेकाला मारत्यात आणि तू बघत बसतीस?"

"बघत नाही बसत. कुणाला काही झालं तर लढत थांबवते."

"मग आधीच थांबीव की," त्या म्हणाल्या आणि आमटी आणायला आत गेल्या.

मला बॉक्सिंगमधलं जे काही कळलं ते वस्तादांमुळे. ते आधी कुस्तीत होते, मग फौजेत गेले, तिथे बॉक्सिंग शिकले आणि निवृत्त होऊन कोल्हापुरात परतल्यावर मुला-मुलींना शिकवायला लागले. कोच वगैरे त्यांना कुणी म्हणत नसे, सगळ्यांचे ते वस्तादच. पहिल्या वर्षी मी प्रत्येक ठोशाला डोळे मिटून घेते हे त्यांनी पाहिलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, हलक्या वजनात कला बगायची. पन्नास किलोच्या ठोशात जोर तो किती असणार? तिथं पाय बगा, डोकं कसं काढून घेत्यात ते बगा. जड वजनाचं येगळं. तिथं कला असली तर असली, पण एक हात बसला की खेळ खलास. तुमी घाबरायचं ते शेवटच्या दोन लढतींना."

मी ते मनावर घेतलं. लढती हलक्या वजनापासून सुरू होतात आणि चढत जातात, त्यामुळे माझा दिवसही तसाच चढत जायचा. सकाळी मी चहा घेत निवांत असायचे, साठ किलोपासून पाठ ताठ व्हायची आणि शेवटच्या लढतींना हात गार पडायचे.

मी सांगतेय ते चौथ्या वर्षाचं. डिसेंबर होता, एका तालमीशेजारच्या पटांगणात मांडव घातला होता. त्या दिवशी मी उठले तीच भीती घेऊन. सर्वांत जड गटाच्या अंतिम लढतीत एक पैलवान होता, वर्षभरापूर्वी कुस्ती सोडून बॉक्सिंगकडे वळलेला. त्याला धड पाय हलवता येत नव्हते, पण आदल्या दिवशी त्याच्या एकाच ठोशाने एकाचा जबडा सरकला होता आणि मी स्वतः त्या मुलाला दवाखान्यात पोचवून आले होते. रात्रभर मला तो आवाज ऐकू येत होता. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा.

सकाळी सात वाजता वजनं आणि तपासणी. मुली आधी. अठ्ठेचाळीस किलोच्या गटात वस्तादांची एक मुलगी होती, बिद्रीच्या पुढच्या एका खेड्यातली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घरी म्हशी होत्या. धारा काढून, डेअरीत दूध घालून ती सकाळच्या पहिल्या एसटीने सरावाला यायची. तीन वर्षं मी तिला पाहत होते. तिचा हात जड नव्हता, पण समोरची ठोसा मारते तोवर ही तिथे नसायचीच.

काट्यावर ती अठ्ठेचाळीसला अगदी काठावर उतरली. मी तिची जीभ पाहिली. कोरडी होती, मध्ये पांढरा थर.

"पाणी कधी प्यालीस?"

"काल दुपारी," ती हसत म्हणाली. "दीड किलो जास्त भरत होतं मॅडम. जर्किन घालून पळाले. आता पिते की."

मला ते आवडलं नाही. पण वजन काठावर आणणारी ती एकटी नव्हती. निम्मी मुलं तशीच यायची. नाडी ठीक होती, रक्तदाब ठीक होता. मी तिच्या फॉर्मवर सही केली. ती सही मला आजही दिसते, निळ्या शाईची, नेहमीसारखी घाईची.

साडेनऊला तिची लढत लागली. समोर इचलकरंजीकडची एक मुलगी होती, तीही हलकी, तीही चपळ. मांडवात बसलेल्या लोकांना असं काही पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. दोघी एकमेकींभोवती फिरत होत्या आणि हात इतके भराभर चालत होते की मोजता येऊ नयेत. कुणाचाही ठोसा असा जोरात बसत नव्हता. टक, टक, टक. कपाळावर, कानशिलावर, गालावर. दोघींच्या डोक्यावर हेडगार्ड होतं. मी चहाचा कप हातात घेऊन पाहत होते आणि मला मजा वाटत होती. होय, मजाच. त्या दिवसातला तेवढाच वेळ मी घाबरलेली नव्हते.

तिसऱ्या फेरीत तिचे हात थोडे खाली आले होते. समोरचीचे दोन-तीन सरळ हात थेट तोंडावर बसले, तिची मान मागे गेली आणि परत आली. ती दमलीय, एवढंच माझ्या मनात आलं. मग घंटा झाली. पहिल्या दोन फेऱ्या तिच्या होत्या, त्यामुळे तीच जिंकली. रेफरीने तिचा हात वर केला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वस्ताद मला खुणेने विचारत होते, बघितली का कला?

खाली उतरल्यावर मी तिचे डोळे पाहिले, बोटं मोजायला लावली. सगळं बरोबर.

"मॅडम, माझं वजन झालं का?" तिने विचारलं.

मला वाटलं, ती थट्टा करतेय. "झालं की. जिंकलीस पण!"

ती हसली. मीही हसले.

पुढचे तीन तास मी त्या पैलवानाच्या लढतीची वाट पाहत काढले. साडेबाराला ती लागली. समोरचा मुलगा शिकलेला होता, उंच, पायांत हलका. पहिली फेरी त्याने पैलवानाला नुसतं फिरवत ठेवलं. लोक हसायला लागले. दुसऱ्या फेरीत तो जरा जास्त जवळ गेला आणि पैलवानाचा उजवा हात आडवा आला. तो मुलगा जागच्या जागी खाली बसला आणि मग बाजूला कलंडला.

मी दोरांखालून आत कशी गेले ते मला आठवत नाही. गुडघे टेकून मी त्याच्या तोंडातला रबरी गार्ड काढला आणि टॉर्चने त्याचे डोळे पाहिले. पैलवान कोपऱ्यात हातमोजे तोंडावर धरून उभा होता आणि रडत होता. अर्ध्या मिनिटात मुलाने डोळे उघडले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. तरीही मी त्याला उठू दिलं नाही. स्ट्रेचर मागवलं, बाहेर उभ्या असलेल्या अँब्युलन्समधून स्कॅन काढायला पाठवायचं ठरवलं, त्याच्या भावाला सोबत बसवलं.

त्या धावपळीत कुणीतरी माझी बाही ओढली. वस्तादांची ती मुलगी होती.

"मॅडम, डोकं दुखतंय."

मी पिशवीतून गोळी काढून दिली. माझं अर्धं लक्ष स्ट्रेचरकडे होतं. "उपाशी आहेस, पाणी प्यालेली नाहीस, म्हणून दुखतंय. काहीतरी खा आणि घरी जाऊन झोप."

"बरं. मॅडम, माझं वजन झालं का?"

"झालं गं बाई, झालं," मी म्हणाले आणि अँब्युलन्सकडे धावले.

दीडच्या सुमाराला दवाखान्यातून फोन आला. त्या मुलाचं स्कॅन स्वच्छ होतं आणि तो जेवायला मागत होता. मी मोठा श्वास सोडला. मांडव रिकामा होत आला होता, पोरं खुर्च्या रचत होती. मी टेबलाशी बसून फॉर्म पुरे करायला घेतले. तिच्या फॉर्मवर लढतीनंतरच्या तक्रारीच्या रकान्यात मी लिहिलं, डोकेदुखी. त्याच्या खाली दुसरा रकाना होता: बोलण्यात गोंधळ आहे का?

तिथे माझं पेन थांबलं.

तिने तो प्रश्न दोनदा विचारला होता. सकाळी ती काट्यावर उभी असताना मी तिच्यासमोर होते. आपलं वजन झालंय हे तिला माहीत नसेल असं शक्यच नव्हतं. ती थट्टा नव्हती. साडेनऊलाही नव्हती. आणि मी तिला घरी जाऊन झोप म्हणून सांगितलं होतं.

मी फॉर्म तसेच टाकून उठले आणि वस्तादांना हाक मारली. ते दोऱ्या गुंडाळत होते.

"तुमची ती अठ्ठेचाळीसची मुलगी कुठे आहे?"

"गेली की. गारगोटीच्या यष्टीत बसवून दिली मी. अर्धा तास झाला आसंल."

"एकटीच?"

"एकटीच. का वो?"

तिने तोच प्रश्न दोनदा विचारला, डोक्याला आतून मार बसला असणार, असं मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. "अवो मॅडम, एक बी ठोसा नीट बसला न्हाय तिला. मी सगळी लढत बगितलीया."

"वस्ताद, गाडीत बसा आणि तिला फोन लावा."

गाडी मीच चालवत होते. कळंबा मागे पडेपर्यंत त्यांनी तीनदा फोन लावला. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. घरी तिची आई शेतावर असणार, बापाचा फोन बंद. मी स्वतःला सांगत होते, गाडीच्या आवाजात रिंग ऐकू येत नसेल. शिकत असताना एक माणूस पाहिला होता मी, मोटारसायकलवरून पडून चालत आलेला, बोलणारा, हसणारा. संध्याकाळी तो नव्हता. वीस वर्षांत मला त्याचा चेहरा आठवला नव्हता. त्या रस्त्यावर तो लख्ख दिसत होता.

चौथ्यांदा फोन उचलला गेला. वस्तादांनी स्पीकर सुरू केला. आवाज कुणा भलत्याच बाईचा होता.

"हॅलो? ही पोरगी झोपलीया वो. मगापासनं फोन वाजतोय म्हणून मी उचलला."

"बाई, मी डॉक्टर बोलते. तिला उठवा. खांद्याला धरून उठवा आणि नाव विचारा."

पलीकडे एसटीचा खडखडाट, मग त्या बाईचा आवाज, "अगं ए बाळ, उठ की. नाव काय तुझं?" बराच वेळ काही नाही. मग, "डोळं उघडत्या आणि परत मिटत्या. मगाशी खिडकीतनं वकली बी. मला वाटलं, गाडी लागली आसंल."

"कुठे पोचलाय तुम्ही?"

"बिद्रीच्या अलीकडं. उसाच्या गाड्या लागल्यात म्होरं, यष्टी मुंगीच्या पावलानं चाललीया."

"कंडक्टरला फोन द्या."

कंडक्टर शहाणा माणूस निघाला. मी सांगितलं तसं त्याने तिला मागच्या लांब सीटवर कुशीवर झोपवलं आणि बिद्रीच्या स्टॉपला गाडी बाजूला घेऊन थांबतो म्हणाला. वस्ताद अँब्युलन्सला फोन लावत होते. कारखान्याचा हंगाम होता. रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर ऊस रस्त्याच्या मध्यापर्यंत लोंबलेला. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हते. एका ठिकाणी वस्ताद खाली उतरले आणि ट्रॅक्टरवाल्यांना ओरडून ओरडून बाजूला घेत गाडीपुढे पळायला लागले. साठीचा माणूस, मांडवातली चप्पल घातलेला. गाडीत परत बसले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यानंतर ठोसा बसला न्हाय असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

एसटी उभी होती. उतारू खाली उतरून उभे होते, आम्हाला पाहून त्यांनी वाट दिली. ती मागच्या सीटवर होती, डोकं त्या अनोळखी बाईच्या मांडीवर. मी हाक मारल्यावर तिने डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या मागे कुठेतरी पाहिलं. मी टॉर्च मारला. डाव्या डोळ्याची बाहुली उजव्यापेक्षा मोठी होती. थोडीशीच. मी पुन्हा पाहिलं, मला चूक झाली असावी अशी आशा होती. तिसऱ्यांदाही तेच दिसलं.

"काय हाय?" वस्तादांनी विचारलं.

"अँब्युलन्सला परत फोन लावा," मी म्हणाले.

अँब्युलन्स दहा मिनिटांत आली. परतीच्या वाटेवर मी तिचा हात धरून बसले होते आणि दर मिनिटाला तिला हाक मारत होते. आधी ती 'हं' म्हणायची. कळंब्याच्या अलीकडे ती 'हं' म्हणायची थांबली. त्यानंतरचा शहरापर्यंतचा रस्ता किती वेळाचा होता ते मी सांगू शकत नाही.

स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साकळलेलं दिसलं. मेंदूच्या सर्जननी फोटो पाहिले, घड्याळ पाहिलं आणि तिला सरळ आत घेतलं. ऑपरेशन चालू असताना तिचे वडील आले, पायाला शेतातला चिखल तसाच. त्यांना अजून नीट काही कळलेलं नव्हतं.

"मॅडम, पोरगी जिंकली म्हणत्यात," ते म्हणाले.

"हो. जिंकली."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कोरड्या जिभेचं, सहीचं, गोळीचं आणि घरी जाऊन झोप म्हणाले त्याचंही. ते ओरडतील, निदान उठून दुसरीकडे जातील असं मला वाटत होतं. पण ते म्हणाले, "तुमी गाडी घालून माघारी आणलीसा न्हवं." ते मला ऐकवेना. मी उठून खिडकीशी गेले.

ती वाचली. शुद्धीवर यायला दोन दिवस लागले. पहिले काही आठवडे तिला वस्तूंची नावं सापडायची नाहीत. पेल्याला ती चमचा म्हणायची आणि चुकलं हे कळून चिडायची. हळूहळू ते सुटलं. बॉक्सिंग बंद झालं, ते तर होणारच होतं. वर्षभराने तिने राहिलेली परीक्षा दिली.

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी ती वडिलांबरोबर माझ्या दवाखान्यात आली होती. केस अजून बोटभरच होते, वर स्कार्फ. वडील बाहेर बसले. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, मला ती लढत आठवत नाही. वजन करायला उभी राहिले तिथपर्यंत आठवतं. पुढं एकदम दवाखाना. तुम्ही होता ना? सांगा की."

मी तिला सांगितलं. पहिल्या फेरीत ती कशी समोरचीला कोपऱ्यात नेऊन आपण सटकली, दुसरीत लोक कसे ओरडत होते. ती पुढे झुकून ऐकत होती, तिचे खांदे आपोआप हलत होते.

"आणि तो ठोसा कुठला?" तिने विचारलं. "ज्यानं हे झालं तो?"

वस्तादांच्या फोनवर ती लढत कुणीतरी चित्रित केलेली होती. मी ती किती वेळा पाहिली असेल कोण जाणे. थांबवून, मागे नेऊन, आवाज बंद करून. तिसऱ्या फेरीतले ते सरळ हात पाहिले, त्याच्या आधीचे पाहिले, दुसऱ्या फेरीतले पाहिले. एकही असा नव्हता की ज्याच्यावर बोट ठेवावं. सगळेच हलके होते. आणि ते खूप होते.

"मला नाही सापडला," मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिला ते पटलं नसावं. कुणालातरी, कशालातरी दोष देता आला असता तर तिला बरं वाटलं असतं, आणि मलाही.

पुढच्या डिसेंबरात स्पर्धांना मी नाही म्हणणार होते. वस्ताद स्वतः घरी आले. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "मॅडम, तुमी न्हाय आलासा तर दुसरं कोन तरी बसंल. त्याला कायच म्हाईत नसंल." एवढंच बोलले आणि गेले. मी गेले.

सकाळी वजनाच्या वेळी मी कोरड्या जिभेच्या दोघांना परत पाठवलं. आरडाओरडा झाला. मग एकावन्न किलोच्या मुलांची लढत लागली. दोघेही चांगले होते, सुरेख हात चालत होते, मांडव रंगला होता. माझ्या हातात चहा नव्हता. दुसऱ्या फेरीच्या शेवटी निळ्या कोपऱ्यातल्या मुलाचा एक पाय मला किंचित मागे राहिल्यासारखा वाटला. एकदाच. मी उठून रेफरीला हात दाखवला, रिंगच्या कडेवर चढले आणि लढत थांबवायला सांगितली.

तो मुलगा गुणांनी पुढे होता. तो माझ्यावर ओरडला, "काय झालंय मला? सांगा की, काय झालंय?" लोक शिट्ट्या मारायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईला काय कळतंय त्यातलं!" मी त्याला खुर्चीवर बसवून डोळे पाहिले, प्रश्न विचारले, अर्ध्या तासाने पुन्हा विचारले. संध्याकाळी स्कॅन काढायला लावलं. स्कॅन स्वच्छ होतं.

त्याचं वर्ष मी वाया घालवलं असं त्याचे कोच म्हणाले, आणि ते खरंही असेल. त्याचा पाय खरंच मागे राहिला होता की मला तसा दिसला, हे मला त्या दिवशीही कळलं नव्हतं. मांडवातून निघाले तेव्हा माझे हात गार होते. गाडीत बसून किल्ली लावायच्या आधी त्या मुलाच्या वडिलांना फोन करून सांगितलं की आज रात्री त्याला दर दोन तासांनी उठवून नाव विचारा.